तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

हेड बसवून झालं, पाणी भरलं, ऑइल भरलं, बॅटरीची टोकं आवळली आणि गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. खरं तर इथे सगळ्यांनी हात पुसून चहा प्यायचा होता. पण दहा सेकंद झाली नसतील तोच इंजिनातून आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्, टक्. शिलाई मशीनसारखा बारीक आणि नेमका, एकही ठोका न चुकवणारा.

धाकट्याने इंजिन बंद केलं. मग पुन्हा सुरू केलं, जणू मधल्या वेळात आवाजाला लाज वाटून तो निघून जाणार होता. आवाज कुठे जातोय.

धाकटा म्हणजे कुणी पोरगा नव्हे. वय सत्तेचाळीस, मिशी निम्मी पांढरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पण गॅरेजात थोरले वस्ताद, म्हणजे त्याचे वडील, अजून रोज येऊन बसायचे, आणि ते आहेत तोवर हा धाकटाच. गिऱ्हाईकंही धाकटाच म्हणायची. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटायचं.

गाडी पाणीवाल्याची होती. दुकानांना पाण्याच्या बाटल्या पोचवणारी, चार सिलिंडरची डिझेल गाडी. तो शेजारी उभा राहून ऐकत होता.

"हा आवाज आधी नव्हता बरं का," तो म्हणाला.

"आधी इंजिनच चालत नव्हतं," धाकटा म्हणाला. "मेलेल्या माणसाला खोकला कुठून येणार?"

पाणीवाला हसला. धाकटा मात्र हसला नाही, कारण त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेलं होतं. वस्ताद स्टुलावर बसून मान जराशी तिरकी करून ऐकत होते.

आता त्याला धास्ती कसली होती ते सांगितलं पाहिजे. गाडी वाटेत तापली होती आणि तापून तिचं हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा तो जाडजूड भाग, वाकडं झालं होतं. ते खोलून लेथवाल्याकडून सपाट करून आणलं. त्यातले आठ व्हॉल्व्ह त्यांच्या जागेवर घासून नीट बसवायचे होते. हे घासकाम हाताचं असतं. लाकडी दांडीच्या टोकाला रबरी टोपी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली बारीक रेतीचा मलम लावायचा आणि ताक घुसळावं तशी दांडी दोन तळव्यांत फिरवायची. मधूनमधून उचलून बघायचं, पुन्हा घासायचं. ते आठही व्हॉल्व्ह वस्तादांनी घासले होते. दोन दिवस बसून, कुणाशी एक शब्द न बोलता. त्यांना आता असं हाताने चाचपून करायचं कामच तेवढं येत होतं.

अडीच वर्षांपासून वस्तादांचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग रस्ते. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, याला उतार नाही, सांभाळत राहायचं. ते राहायचे मुलीकडे, गॅरेजच्या मागच्याच गल्लीत. धाकटा संध्याकाळी ताईकडे गेला की ते त्याला बसायला खुर्ची द्यायचे, "आपण कुठून आलात?" असं अदबीने विचारायचे, आणि निघताना "पुन्हा या" म्हणायचे. स्वतःच्या बापाने पाहुणा म्हणून वागवलं की माणसाला जिन्यात थांबून डोळे पुसावे लागतात. धाकट्याने ते पुष्कळदा केलं होतं.

पण सकाळी गॅरेजचं शटर वर गेलं, तेलाचा वास आला, की वस्ताद स्टुलावर बसायचे, इकडेतिकडे बघायचे आणि म्हणायचे, "पोरा, दहा-अकराचा पाना दे."

पोरा. अख्ख्या दिवसात तेवढाच एक शब्द. कधी दोनदा, कधी तीनदा. त्या एका शब्दासाठी धाकटा त्यांना रोज हाताला धरून आणायचा. जगात ती एकच जागा उरली होती जिथे त्याला बाप होता.

ताईला हे पटत नव्हतं. तिचंही काही चुकत नव्हतं. वस्तादांनी एकदा बॅटरीत चहा ओतला होता, एकदा फिरत्या पट्ट्याजवळ बोट नेलं होतं. तिने भावाला बजावलं होतं, "बघ, अजून एक भानगड झाली की मी त्यांना घरातून सोडायची नाही. मग तू माझ्या पाया पडलास तरी." ताई बोलली म्हणजे बोलली.

म्हणून धाकट्याला त्या टकटकीची धास्ती होती. आवाज व्हॉल्व्हचा निघाला तर काम वस्तादांच्या हातचं. मग त्यांना दांडी हातात द्यायचीही सोय राहणार नव्हती.

त्याने झाकण उघडलं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणारा ठोकळा, आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट पातळ पत्तीने मोजली. आठही बरोबर. पुन्हा मोजली. बरोबर. वस्तादांच्या कामात केसाइतकाही फरक नव्हता. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो उगीचच मोठ्याने म्हणाला, "बाबा, व्हॉल्व्ह झकास झालेत हं."

"पोरा, ते कापड दे," वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकटा पद्धतशीर मागे लागला. इंजिन सुरू ठेवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एकेक जागा ऐकत गेला. आवाज तिसऱ्या सिलिंडरपाशी सगळ्यांत ठळक होता. मग त्याने डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. पहिल्याचा केला, फरक नाही. दुसऱ्याचा, नाही. तिसऱ्याचा सैल केला आणि टकटक एकदम मऊ पडली. तेव्हा हे टॅपेटचं काम नव्हेच, हे तिसऱ्या सिलिंडरच्या आतल्या स्फोटाशी बांधलेलं दुखणं होतं. त्यात सकाळी इंजिन थंड असताना आवाज जोरात आणि तापलं की निम्मा. म्हणजे पिस्टन, नाहीतर खालचं बेअरिंग. म्हणजे पोटच फाडायचं.

तो मान खाली घालून याच विचारात होता. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालू होतं. वस्ताद स्टुलावरून कधी उठले ते त्याने पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ते इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला वाकले होते, जिथे मॅनिफोल्ड असतं, म्हणजे चारही सिलिंडरमधला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा तो लोखंडी पंजा. त्यांचा उजवा तळवा त्या पंजाच्या जवळून सावकाश पुढे सरकत होता.

"बाबा!"

चर्र असा आवाज झाला. वस्तादांनी तळवा मॅनिफोल्डवर टेकवला होता आणि काढत नव्हते. धाकट्याने उडी मारून त्यांचं मनगट ओढलं. त्यांच्या तोंडातून हूं की चूं नाही. फक्त डोळे पाण्याने भरले होते.

त्याने त्यांना तसंच फरफटत मोरीपाशी नेलं आणि हात नळाखाली धरला. भीती वाटली की काही माणसं रागावतात, धाकटा त्यातला. "काय करता बाबा तुम्ही? तापलेलं इंजिन आहे ते, कळत नाही का? चाळीस वर्षं यात घालवलीत ना?" त्याने मनगट आवळून धरलं होतं. "हात लावायचा नाही. ऐकताय का? कशालाही हात लावायचा नाही. म्हणा, हात लावायचा नाही."

"इथे," वस्ताद तळवा दाखवत म्हणाले.

"हो, दिसतंय कुठे भाजलंय ते. म्हणा आधी."

"हात लावायचा नाही," वस्ताद म्हणाले.

त्याने त्यांच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. पाणीवाला दारात उभा होता, तो दुसरीकडे बघायला लागला.

बोटांच्या मुळाशी आडवा, लांबट फोड आला होता. पट्टी बांधून धाकटा त्यांना घरी घेऊन गेला. ताईने पट्टी बघितली. आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं.

"मी काय म्हणाले होते?" तिने विचारलं.

"हो."

"मग?"

"राहू दे त्यांना घरी," धाकटा म्हणाला. तो भांडला नाही. खरं सांगायचं तर त्याचाही धीर सुटला होता. ज्या माणसाला तापलेलं लोखंड कळत नाही त्याला गॅरेजात बसवायचं कोणत्या तोंडाने?

"मी शिकवते त्यांना," ताई म्हणाली. "सारखं सांगत राहिलं की शिकतात लहान मुलासारखे."

दुसऱ्या दिवशी त्याने शटर एकट्याने उघडलं. स्टूल होतं तिथेच होतं. त्याने ते उचलून मागे ठेवलं, मग पुन्हा आणून जागेवर ठेवलं, आणि कामाला लागला.

काम म्हणजे काय, नुसती धूळधाण. त्याने खालचं ऑइलचं चेंबर काढलं आणि आडवा होऊन बेअरिंगं तपासली. नवी असल्यासारखी चकचकीत. चेंबर पुन्हा लावलं. डिझेल फवारणारे चारही नोझल काढून तपासायला पाठवले. तिथल्या माणसाने आठवडा घेतला आणि सांगितलं, एकदम ठणठणीत आहेत, उगाच काढलेत. नोझल बसवले. टक्, टक्, टक्. पाणीवाल्याकडे दुसरी जुनी गाडी होती म्हणून त्याचं भागत होतं, पण माणूस रोज येऊन डोकावायचा.

"सापडलं का?"

"सापडेल."

"वस्तादांना विचारून बघा की एकदा. त्यांच्या हाताला गुण आहे. माझ्या वडिलांची गाडी त्यांनी नुसता हात ठेवून ओळखली होती म्हणतात."

"त्यांना आता काय विचारायचं?" धाकटा म्हणाला. "ते मला विचारतात आपण कुठून आलात."

तो संध्याकाळी ताईकडे जात होता. वस्ताद पलंगावर भिंतीला टेकून बसलेले असायचे. पहिले काही दिवस त्याला बघून ते उठायचे, चपला शोधायचे, दाराकडे निघायचे. ताई म्हणायची, "बसा बाबा, कुठे जायचं नाही." मग ते उठायचे थांबले. मग "आपण कुठून आलात" हेही विचारायचे थांबले. घरात कुणी आलं आहे याची त्यांना दखलच नसायची. धाकटा पाच मिनिटं बसायचा. बोलायला काही नसलं की तो गाडीचा आवाज कसा आहे ते सांगायचा. ते ऐकत आहेत की नाहीत ते कळायचं नाही.

सोळाव्या दिवशी त्याने हात टेकले. पिस्टन बाहेर काढायचा, दुसरा इलाज नाही. पिस्टन काढायचा तर हेड पुन्हा खोलायचं, आणि हेड खोलायचं तर आधी मॅनिफोल्ड काढायचं. मॅनिफोल्डवर उष्णता अडवणारा पत्रा असतो, त्याने तो आधी उघडला.

पत्रा निघाला आणि धाकटा बघतच राहिला.

तिसऱ्या नळीच्या मुळाशी, जिथे मॅनिफोल्ड हेडला चिकटतं, तिथे काजळीचा डाग होता. पसरट, पंख्यासारखा, ताजा काळा. म्हणजे दर ठोक्याला तिथल्या बारीक फटीतून धूर फस्सकन बाहेर पडत होता, आणि तोच टक् म्हणून ऐकू येत होता. डिझेल कमी केलं की फुसकारा कमी. लोखंड तापून फुगलं की फट बुजायची आणि आवाज निम्मा. सगळं जुळत होतं. पिस्टनला काही झालं नव्हतं. आतमध्ये कुठेच काही झालं नव्हतं.

त्याने त्या जागचा बोल्ट धरला. पाना लावला तर घट्ट. अगदी गच्च. मग त्याने मॅनिफोल्ड हलवून बघितलं तर त्या कोपऱ्यात ते कणभर डुलत होतं. त्याला कळेना. घट्ट बोल्टखाली लोखंड डुलतं कसं? बोल्ट काढून हातात घेतला तेव्हा कळलं. बोल्ट लांब होता, हवा त्यापेक्षा चार-पाच आटे जास्त. तो आत जाऊन भोकाच्या तळाला टेकला होता आणि तिथेच अडून बसला होता. पान्याला लागलं गच्च, पण मॅनिफोल्डला त्याने दाबलंच नव्हतं.

माणूस कसा असतो बघा. धाकट्याच्या मनात पहिलं काय आलं असेल? डबे बाबांनी लावलेले असतात. गॅरेजातले जुने बोल्ट लांबीप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत घालायचं काम वस्तादांचं होतं, तेही ते हाताने चाचपून करायचे. म्हणजे त्यांनीच हा लांब बोल्ट आखूड डब्यात टाकला असणार. तो तरातरा फळीपाशी गेला, डबा काढला आणि जमिनीवर पालथा केला. बासष्ट बोल्ट. एकेक करून लावून बघितले. सगळे एका मापाचे, एकही लांब नाही.

मग त्याला आठवलं. हेड खोलताना तिथला जुना स्टड, म्हणजे हेडमध्येच पक्का बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, मोडला होता. लेथवाल्याने मोडका तुकडा काढून नवे आटे पाडून दिले होते. बसवायच्या दिवशी घाई होती, पाणीवाला दारात उभा होता, आणि धाकट्याने डब्यापर्यंत जायचा कंटाळा करून खिशातला एक बोल्ट काढून लावला होता. जाडी तीच, लांबी कोण बघतो. स्वतःच्या हाताने. स्वतःच्या खिशातून.

तो तिथेच जमिनीवर, बासष्ट बोल्टांच्या मधोमध बसला. आणि मग त्याला तो दुसरा दिवस पुन्हा दिसला.

थंड इंजिन सुरू करायचं आणि मॅनिफोल्डवरून तळवा फिरवायचा. लोखंडाला लावायचा नाही, बोटभर अंतर ठेवायचं. कुठे धूर फुटत असेल तर तळव्याला फुंकर लागते. वस्तादांनी हे हजारदा केलं होतं आणि त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. हल्ली कोण करतं ते, हल्ली पत्र्याआड सगळं झाकलेलं असतं. पण त्या दिवशी वस्तादांचा हात खालून पत्र्याच्या आत गेला होता. पहिल्या नळीवरून सावकाश पुढे गेला होता, दुसरीवरून पुढे गेला होता, कुठेही न टेकता. तिसरीपाशी थांबला होता. धाकट्याने हे सगळं पाहिलं होतं, डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बघितलं नव्हतं. वस्तादांना फुंकर लागली, जागा सापडली. फक्त इंजिन वीस मिनिटं तापलेलं आहे हे त्यांना कळलं नाही, आणि जागा सापडली की ती दाखवायला हात तिथे ठेवायचा एवढंच उरलं होतं, ते त्यांनी केलं. नळाखालीसुद्धा ते सांगत होते. इथे. आणि त्याने त्यांच्याकडून काय म्हणवून घेतलं?

दोन्ही हातांनी तोंड झाकून धाकटा रडला. गॅरेजात कुणी नव्हतं ते एक बरं.

मग त्याने एक वेडेपणा केला. योग्य मापाचा बोल्ट हातात होता. तो लावला असता तर काम तिथेच संपलं असतं. पण त्याने तो खिशात ठेवला, तोच लांब बोल्ट पुन्हा होता तसा आवळला आणि पत्रा तेवढा काढून ठेवला. गाडी दुखणाईतच ठेवली. उद्या सकाळी बाबांना आणायचं, थंड इंजिन सुरू करायचं, आणि त्यांच्या हाताने शोधू द्यायचं. मग म्हणायचं, बाबा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. मग ते म्हणतील, पोरा, दहा-अकराचा पाना दे. त्याने सगळं मनात मांडून ठेवलं होतं. सणावाराला नवे कपडे काढून ठेवावेत तसं.

सकाळी ताई नाही म्हणायला लागली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, बोल्टासकट. तिने डोळ्याला पदर लावला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पण आता तसे राहिले नाहीत ते. काही त्रास देत नाहीत. कप दिला तर तोही धरत नाहीत, मीच भरवते. बरंच आहे म्हणा, सांडत नाही."

धाकट्याने ते ऐकलं, पण त्याला घाई होती.

वस्ताद चालत आले. हाताला धरून आणलं तसे आले. उजव्या तळव्यावरची पट्टी निघाली होती, तिथे नवी गुलाबी कातडी होती. त्याने शटर वर केलं, तेलाचा वास आला. त्याने स्टूल गाडीच्या जवळ ओढलं आणि त्यांना बसवलं. बसल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

त्याने इंजिन सुरू केलं. टक्, टक्, टक्, टक्.

वस्तादांची मान तिरकी झाली. ती जुनीच मान, जुनाच कोन. त्यांची नजर इंजिनावरून फिरली आणि बरोबर तिसऱ्या नळीवर जाऊन थांबली. उजवा हात मांडीखालून निघाला, वीतभर वर आला. मग त्यांची नजर त्या हाताकडे गेली आणि त्यांनी तो घाईघाईने परत आत घातला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"बघा ना, बाबा," धाकटा त्यांच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला. "थंड आहे. आत्ताच सुरू केलंय, भाजायचं नाही. बघा, मी पण धरतो." त्याने स्वतःचा तळवा तिसऱ्या नळीपाशी धरला. फुंकर लागली, नेमकी. "इथेच आहे. तुम्ही सांगितलं होतं ना मला? तुम्हीच सांगितलं होतं."

वस्तादांनी मान हलवली. नाही.

"एकदाच. माझ्यासाठी."

त्याने त्यांचं मनगट धरलं. हळूच धरलं होतं, पण मनगट तेच होतं आणि धरणाराही तोच. वस्ताद थरथरायला लागले. सगळं अंग, हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत. ते स्टुलावर मागे मागे सरकले, पाठ भिंतीला लागेपर्यंत, आणि त्याच्याकडे अशा डोळ्यांनी बघू लागले की धाकट्याच्या हातून मनगट आपोआप सुटलं.

"मी हात लावला नाही, साहेब," ते म्हणाले. "कशालाच लावला नाही. विचारा कुणालाही. हात लावायचा नाही, मला माहीत आहे."

अडीच वर्षांत त्यांनी पुष्कळ काही गमावलं होतं. नवं म्हणून एवढीच एक गोष्ट ते शिकले होते आणि ती मात्र विसरत नव्हते.

"हो," धाकटा म्हणाला. "माहीत आहे मला. तुम्ही नाही लावला."

"माझ्या मुलीला सांगू नका."

"नाही सांगत."

त्याने इंजिन बंद केलं. त्यांना पाणी आणून दिलं, तर त्यांनी पेला धरला नाही, म्हणून त्याने तो त्यांच्या ओठाला लावला. मग खिशातला बोल्ट काढला आणि लांब बोल्टच्या जागी बसवला. फट बुजली. पत्रा लावला. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. इंजिन सुरू केलं तर आवाज साफ गेलेला, लोण्यासारखं चालायला लागलं. वस्ताद हात मांड्यांखाली घालून जमिनीकडे बघत बसले होते. इंजिन सुधारल्याचं त्यांना कळलं असेल किंवा नसेल, त्यांनी मान तिरकी केली नाही.

थोड्या वेळाने पाणीवाला आला, बॉनेटपाशी उभं राहून त्याने ऐकलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"काय होतं हो शेवटी?"

"बोल्ट."

"एवढंच?"

"एवढंच."

"वस्तादांनी शोधलं वाटतं," तो स्टुलाकडे बघून म्हणाला.

"हो," धाकटा म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी."

पाणीवाल्याला ते नीट कळलं नाही, पण गाडी मिळाली होती, तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता, सरळ, एकसारखा. धाकट्याने दुसरं काही काम काढलं नाही. तो वस्तादांच्या शेजारी उलट्या डब्यावर बसून राहिला. त्याने व्हॉल्व्ह घासायची दांडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, ती घरंगळून खाली पडली. दुपारपर्यंत ते एकदाही पोरा म्हणाले नाहीत. पानाही मागितला नाही.

ताई न्यायला आली. तिने दारातूनच आधी वडिलांचे हात पाहिले, मग भावाचं तोंड.

"काही त्रास दिला का रे?"

"नाही," धाकटा म्हणाला. "कशालाच हात लावला नाही त्यांनी."

"शहाणे आहेत माझे बाबा," ताई म्हणाली, आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेली.